लेव्हल राहिली तिथेच, वही भरली

आमच्या प्रेसमध्ये जानेवारी म्हणजे रिकामा महिना. दिवाळी अंक ऑक्टोबरात संपतात, कॅलेंडरं डिसेंबरात, आणि शाळांच्या प्रश्नसंचांची प्रूफं फेब्रुवारीशिवाय येत नाहीत. मी मिरजेला मुद्रितशोधक आहे. वीस वर्षं दुसऱ्यांचं लिखाण अक्षर-अक्षर वाचण्याचे पैसे घेतेय. हे आधीच सांगते, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी या सवयीमुळेच झाल्या.

१५ जानेवारी २०२४, संक्रांत, सोमवार. तिळगूळ घेऊन धाकट्या बहिणीकडे कोल्हापूरला गेले होते. तिचा मुलगा खोलीत कॉम्प्युटरसमोर बसलेला. तो जन्मापासून अंध आहे. एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर वापरतो, आणि त्याचा वेग इतका वाढवून ठेवलाय की आपल्याला ते बोलणं वाटतच नाही, कुणीतरी पत्र्यावर वाटाणे ओततंय असं वाटतं. मी विचारलं, काय चाललंय?

"गेम खेळतोय मावशी."

पडद्यावर चित्र नव्हतं. काळ्यावर पांढरी अक्षरं, ओळीमागून ओळी वर सरकत होत्या. एका चौकाचं वर्णन होतं, त्याला फुटणाऱ्या वाटा होत्या, मग कुणीतरी पूर्वेकडून आलं, कुणीतरी काहीतरी विकत होतं. भाचा दोन अक्षरं टाइप करून पुढच्या चौकात. मला पहिल्या चौकाची दुसरी ओळसुद्धा वाचून झाली नव्हती. मी म्हटलं, अरे थांब, वाचू दे की. तो म्हणाला, "हे कोण वाचतं? मी तर ब्रीफ मोडवर ठेवलंय, वर्णनं आखूडच येतात."

तिथून हे सुरू झालं.

या खेळांना 'मड' म्हणतात. पहिला मड १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी लिहिला. आजच्यासारखे चित्रांचे ऑनलाइन खेळ यायच्या कितीतरी आधी लोक एकमेकांना अक्षरांतून भेटत होते, अक्षरांतूनच एकमेकांना मारतही होते. भाचा खेळतो तो 'डिस्कवर्ल्ड मड' १९९१ पासून चालू आहे. टेरी प्रॅचेट यांच्या कादंबऱ्यांमधल्या जगावर तो उभा आहे. एका प्रचंड कासवाच्या पाठीवर चार हत्ती, हत्तींच्या पाठीवर थाळीसारखी चपटी पृथ्वी. आपल्याकडे शेष आहे, कूर्म आहे, दिग्गज आहेत, त्यामुळे मला ही रचना फारशी परकी वाटली नाही. कादंबऱ्या मी वाचलेल्या नव्हत्या. पुढेही वर्षभर मुद्दाम वाचल्या नाहीत. म्हटलं, आधी गाव बघू, गावावरची पुस्तकं नंतर.

खेळ फुकट आहे. चालवणारे सगळे स्वयंसेवक. भाच्याने त्याचा जुना लॅपटॉप दिला, त्याचा कीबोर्ड अर्धा मेलेला होता, म्हणून बाहेरचा घेतला, ४५० रुपये. खेळासाठी मडलेट नावाचा प्रोग्राम टाकला, तोही मोफत. त्यात पत्ता घालायचा: डिस्कवर्ल्ड डॉट स्टारटर्टल डॉट नेट, पोर्ट ४२४२. (पत्ता नि खेळातल्या आज्ञा अर्थातच इंग्रजी लिपीत टाइप करायच्या, मी इथे देवनागरीत लिहितेय.) काही टाकायचं नसेल तर ब्राउझरमधूनही खेळता येतं, पण मडलेटमध्ये एक सोय आहे जिच्यासाठी मी तो कधीच सोडणार नाही. मजकूर वाचायला वर सरकवलात की खिडकीचे दोन भाग होतात. वर तुम्ही जुनं वाचत बसा, खाली नवं येत राहतं. सावकाश वाचणाऱ्या माणसासाठी हे वरदान आहे.

पहिले दोन दिवस जोडणीच होईना. प्रेसच्या वायफायवरून प्रयत्न करत होते, तिथे नेहमीचे सोडून बाकी पोर्ट बंद. मला वाटलं खेळच बंद पडला. भाच्याला फोन केला तर हसला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लगेच लागलं. तुमचंही असं झालं तर आधी हे करून बघा. डेटाची काळजी नको, नुसती अक्षरं असतात, माझ्या तीन तासांना पाच एमबीसुद्धा लागत नाहीत.

नाव निवडताना पहिली दोन नावं आधीच कुणीतरी घेतलेली निघाली. कादंबऱ्यांतल्या पात्रांची नावं चालत नाहीत. शेवटी 'शाई' मिळालं. तो दिवस होता १९ जानेवारी.

नवख्यांना आधी पम्पकिन टाउन नावाच्या छोट्या गावात सोडतात. चालायचं कसं, वस्तू उचलायची कशी, बोलायचं कसं हे तिथे शिकवतात. भाचा म्हणाला होता वीस मिनिटांचं काम आहे. मला तीन संध्याकाळी लागल्या. मी प्रत्येक पाटी वाचली.

मग आंख-मॉरपॉर्क. हे त्या जगातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात घाण शहर. नदी इतकी दाट की तिच्यावरून चालता येतं. पहिल्या रात्री मी मेन्डेड ड्रम नावाच्या दारूच्या गुत्त्याबाहेर उभी होते आणि पडद्यावरून माणसं नुसती धावत होती. अमका आला, अमका गेला, तमका आला, तमका गेला. कुणाशी बोलावं कळेना. नवख्यांसाठी एक सार्वजनिक चॅनेल आहे, त्यावर धीर करून विचारलं, इथे बघण्यासारखं काय आहे? तीन जणांनी लगोलग उत्तरं दिली. तिन्ही उत्तरं कुठे शिकार करून लवकर लेव्हल वाढेल याची होती. माणसं चांगली होती, चिडचिड नाही, हिणवणं नाही. माझा प्रश्नच त्यांना तसा ऐकू आला.

भाचाही तेच म्हणाला. "आधी लेव्हल वाढव, मावशी, मग हिंड. कच्ची असशील तर कुणीही मारेल."

मी ऐकलं. फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे रोज रात्री नऊ ते अकरा इमानदारीत शिकार केली. डिस्कवर्ल्डमध्ये मारामारीचे, कोडी सोडवण्याचे, कामं करण्याचे अनुभवगुण मिळतात, ते खर्चून कौशल्यं वाढवायची, कौशल्यांवरून लेव्हल ठरते. त्याच पाच-सहा गल्ल्या, तीच माणसं, तेच वार. १४ फेब्रुवारीला मी स्वतःचीच परीक्षा घेतली. डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला, ज्या गल्लीत मी दोन आठवडे रोज जातेय तिथे काय आहे? काहीही आठवेना. इतक्या वेळा डोळ्यांखालून गेलेला मजकूर मला आठवू नये, हे मुद्रितशोधकाला लाजिरवाणं आहे. त्या रात्री शिकार बंद.

याच सुमारास बार्टल यांच्या एका लेखाविषयी कळलं. मड खेळणाऱ्यांचे त्यांनी १९९६ साली चार प्रकार पाडले, पत्त्यांच्या चार रंगांवर. चौकटवाले खजिना नि गुण जमवतात. बदामवाल्यांना माणसं हवी असतात. किलवरवाले दुसऱ्यांना सोटे घालतात. आणि इस्पिकवाले खणतात. इंग्रजीत इस्पिकला स्पेड म्हणतात, आणि स्पेड म्हणजे फावडंही. मला तेवढं पुरलं. मी फावडंवाली.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मी मार्केटजवळच्या दुकानातून दोनशे पानी लाँगबुक आणली, ७५ रुपये. नियम ठरवला: पुढच्या संक्रांतीपर्यंत लेव्हलसाठी कुणाला मारायचं नाही. गुण मिळाले तर वाटेत मिळालेले घ्यायचे. आणि ब्रीफ नाही, व्हर्बोज: प्रत्येक खोली पूर्ण वर्णनासकट.

इथे 'खोली' म्हणजे चार भिंतींची खोली नव्हे. मडमध्ये चौक, गल्लीचा तुकडा, पुलाचा मध्य, सगळ्याला खोलीच म्हणतात. या खेळाची खरी गंमत अशी की वर्णनात जे नाम येतं त्यातल्या बहुतेकांकडे निराळं बघता येतं. वर्णनात खिडकी आली तर खिडकीकडे बघा. खिडकीच्या वर्णनात पडदा आला तर पडद्याकडे बघा. एकेका चौकात असे तीन-चार थर लागतात. दिवसा वेगळं वर्णन, रात्री वेगळं. अधूनमधून आपोआप एखादी ओळ उमटते, कुठे कुत्रं भुंकतं, कुणी वरून बादली ओततं. या ओळी धावणाऱ्याला दिसत नाहीत, एका जागी उभं राहावं लागतं.

माझी पद्धत अशी बसली. रात्री एक रस्ता घ्यायचा. फिलिग्री स्ट्रीटपासून सुरुवात केली, मग शॉर्ट स्ट्रीट, ब्रॉड वे, ट्रीकल माइन रोड. वहीत डाव्या पानावर नकाशा, उजव्या पानावर टिपणं. सार्वजनिक चॅनेल त्या वेळात बंद, नाहीतर लोकांच्या गप्पांनी वर्णन वर ढकललं जातं. सुरक्षित जागा बघूनच थांबायचं, आणि फार वेळ काही टाइप केलं नाही तर जोडणी तुटते म्हणून मधूनमधून एखादी निरुपद्रवी आज्ञा द्यायची. या वेगाने एका रात्री नऊ-दहा खोल्या. भाचा त्या दहा खोल्या चार सेकंदांत पार करतो.

हळूहळू गोष्टी जुळायला लागल्या. मेन्डेड ड्रम म्हणजे दुरुस्त केलेला ढोल. हे नाव का? तर आधी त्याच जागी ब्रोकन ड्रम होता, तो जळाला, पुन्हा बांधला. चोरांची संघटना शहरात अधिकृत आहे, वर्षाचा कोटा ठरलेला, चोरी झाली तर पावती मिळते, आणि विनापरवाना चोराला संघटनाच ठोकते. हे वाचून मी इतकी हसले की बाहेरून आईने विचारलं काय झालं. आठवडा आठ दिवसांचा आहे, आठव्या वाराचं नाव ऑक्टेडे. तेव्हापासून वहीत आपला वार आणि तिथला वार दोन्ही लिहायला लागले. त्याचा काही उपयोग नाही. पण चांगलं वाटतं.

खेळात मारेकरी, चोर, योद्धे, जादूगार, चेटकिणी, पुजारी अशांच्या संघटना आहेत. त्यातली एक निवडा असं सगळे सुचवतात. मी कुणातच गेले नाही, साधी प्रवासी राहिले. घाई नसेल तर हे करून बघा. शहर आधी कळलं की कुठे शिरायचं हेही नीट कळतं.

मार्चमध्ये मला माझा धंदा तिथे सापडला.

खेळात 'टायपो' म्हणून एक आज्ञा आहे. वर्णनात अक्षराची चूक दिसली की ती देऊन कळवायचं, ते त्या भागाची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकाकडे जातं. बग कळवायला वेगळी, सूचना द्यायला वेगळी. माझे डोळे चमकले. चार रात्रींत मी अकरा चुका पाठवल्या, प्रत्येकीखाली नीट कारण: इथे स्वल्पविराम, इथे अनेकवचन, या पाटीवर अक्षर उलटसुलट. आणि वाट बघत बसले. आठवडा गेला. दोन गेले. माझी कल्पना अशी की तिकडे कुणीतरी माझ्यासारखंच तांबडं पेन घेऊन बसलेलं असणार. तसं नसतं, ती माणसं नोकऱ्या करून उरलेल्या वेळात हे करतात. उत्तर महिन्याने आलं, मग दोन आठवड्यांनी आणखी काही. हिशेब: अकरापैकी चार बरोबर, दुरुस्त केल्या. दोन आधीच कुणीतरी कळवलेल्या. पाच फेटाळल्या, कारण त्या चुका नव्हत्या. आंख-मॉरपॉर्कमधल्या दुकानांच्या पाट्या मुद्दामच अशुद्ध आहेत. पाटी रंगवणाऱ्याला लिहिता येत नाही, हा विनोद आहे. एका स्वयंसेवकाने फार सौजन्याने कळवलं होतं की चूक आमची नाही, रंगाऱ्याची आहे.

मी दोन दिवस खेळले नाही. खरं सांगायचं तर अपमान वाटला. मग एकदा गांधी चौकातून जाताना 'येथे झेरॉक्स व टाईपींग करुण मिळेल' ही पाटी दिसली, आणि त्या पाटीवर मी वीस वर्षांत कधी तांबडं पेन चालवलेलं नाही हे लक्षात आलं. परत गेले. तुम्ही टायपो कळवणार असाल तर एवढं करा: पाटी, पत्र, कुणाचं बोलणं यांतलं अशुद्ध सोडून द्या, निवेदनातलंच कळवा. आणि एकदाच कळवा, आठवण करून देऊ नका.

एप्रिलमध्ये मेले.

शहरात शेड्स नावाची वस्ती आहे. गल्ल्यांचं भूलभुलैयासारखं जाळं, आणि आत राहणारे सगळे वाईट. नवख्यांनी जाऊ नये असं सगळे सांगतात. पण माझा नकाशा तिथेच पांढरा होता, आणि पांढरी जागा मला सहन होत नाही. २० एप्रिल, शनिवार, रात्री साडेअकराला आत शिरले. तिसऱ्या गल्लीचं वर्णन वाचत होते, वर सरकवून. खालच्या अर्ध्या खिडकीत कुणीतरी मला भोसकत होतं ते मी पाहिलंच नाही.

इथे मरण म्हणजे खेळ संपला असं नाही. नव्या पात्राला सात जीव असतात. मृत्यू नावाचं पात्र स्वतः येऊन तुमच्याशी बोलतं, मग तुम्ही भूत होता. सामान प्रेतापाशी पडून राहतं, आणि पुन्हा देहात यायला कुणाचीतरी मदत लागते. मी भूत होऊन कुठेतरी भरकटत होते आणि रात्री पाऊण वाजता भाच्याला फोन लावला. तो जागाच होता, कारण ब्रिटनमधले लोक त्याच वेळी खेळायला येतात. त्यांचे संध्याकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेबारा, हिवाळ्यात दीड. ज्यांना माणसं भेटायला हवीत त्यांनी जागरणाची तयारी ठेवावी. मला शांतता हवी असते, मी पहाटे पाचला खेळते.

त्याने एक ओळखीचा पुजारी आणला, मी उठले. मग तो मला घेऊन शेड्समध्ये गेला, माझं प्रेत शोधायला. तो पुढे, मी मागे. त्याला नकाशा लागत नाही. पूर्व, पूर्व, दक्षिण, पश्चिम, सगळं त्याच्या बोटांत. मी एवढ्या मेहनतीने काढलेला कागदी नकाशा त्याच्या काहीच कामाचा नव्हता, आणि त्याच्या डोक्यातला नकाशा मला दिसत नव्हता. पण तो बरोबर माझ्या प्रेतापाशी येऊन थांबला. म्हणाला, "मावशी, आता तरी थोडं जगण्यापुरतं शीक."

ते मात्र खरं होतं. कथेच्या मागे लागायचं म्हणून कौशल्यं शून्य ठेवायची हा माझा हट्ट होता. मी नियमात दुरुस्ती केली. मारण्याची कौशल्यं नाहीत, पण चुकवण्याची आणि तब्येतीची थोडी घ्यायची. 'विम्पी' ही सोय चालू केली, म्हणजे जखमा ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की पात्र आपोआप पळतं. भित्रेपणाचीही इथे टक्केवारी ठरवता येते. मी बरीच वर ठेवली. अंगावर पैसे थोडेच, बाकी बँकेत. आणि धोक्याच्या जागी वाचत थांबायचं नाही: सगळा मजकूर मडलेटच्या लॉगमध्ये साठवायचा, बाहेर येऊन घरी चहा घेत वाचायचा. शेड्स मी असंच वाचलं, सात फेऱ्यांत, पळत जाऊन पळत येऊन. आणखी एक जीव गेला. मे संपता संपता नकाशातली ती जागा भरली.

गुण मिळवायला कोडी सोडवायला लागले. त्याबद्दल एक शिष्टाचार सांगते. कोड्याची उत्तरं सार्वजनिक चॅनेलवर सांगायची नाहीत, विचारायचीही नाहीत. इशारा मागता येतो. मी सहसा तोही मागत नाही, कारण वर्णन नीट वाचलं असेल तर उत्तर बहुतेक वेळा तिथेच कुठेतरी दिलेलं असतं. एक कोडं मला सहज सुटलं ज्यावर भाचा वर्षभर अडला होता. त्याने उत्तर विचारलं, मी दिलं नाही. घरच्या घरी काय नियम, असं तो म्हणाला. तीन दिवस अबोला. मग मी एवढंच म्हटलं, ब्रीफ मोड बंद कर आणि त्या खोलीत एकदा उभा राहा.

जुलै ते ऑक्टोबर खेळ बंदच. दिवाळी अंकांची प्रूफं. त्या वर्षी पाच अंक होते, एका अंकात तर तिसऱ्या प्रुफानंतर संपादकांनी पूर्ण कथा बदलली. सप्टेंबरमध्ये चष्म्याचा नंबर वाढला, नवा चष्मा २,८०० रुपये. या सगळ्या उद्योगातला सर्वांत मोठा खर्च हाच. अर्थात दोष खेळाला द्यायचा की दिवाळी अंकांना, ठरवता येत नाही. मध्ये भाच्याला म्हटलं होतं, माझ्या नावाने येऊन जरा बघ शाई बरी आहे का. तो म्हणाला, दुसऱ्याच्या पात्रात शिरणं नियमात बसत नाही. मी उत्तर न दिल्याची त्याने नीट परतफेड केली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत आले तेव्हा धाकधूक होती. नकाशा आठवेल का? वही बंद ठेवून चालून पाहिलं. ब्रास ब्रिजपासून सॅटर स्क्वेअरपर्यंत, तिथून अनसीन युनिव्हर्सिटीच्या दारापर्यंत एकदाही अडखळले नाही. फेब्रुवारीतली शिकारीची गल्ली मात्र अजूनही धूसरच होती.

मग शहराबाहेर पडायचं ठरवलं. वाळवंटातलं एक राज्य आहे, डिजेलिबेबी. मी ते नाव महिनोन्‌महिने असंच वाचत होते, वहीतही तसंच लिहिलेलं. नदीचं नाव डिजेल, पिरॅमिड आहेत, सगळा इजिप्तचा थाट, म्हणून मला वाटलं नावही तसंच काही प्राचीन असणार. भाच्याला फोनवर सांगितलं, मी अमुक ठिकाणी चाललेय. तो म्हणाला, "कुठे? अगं ते जेलीबेबी आहे. डी मुका. इंग्लंडमधली गोळी असते ना, बाळाच्या आकाराची." त्याचा स्क्रीन रीडर ते नाव पहिल्या दिवसापासून त्याला वाचून दाखवत होता, कानाला ते लगेच कळलं. मी अक्षरं बघत बसले. त्या दिवसापासून मी अवघड नावं आधी मोठ्याने वाचते, आणि अडलं की त्याला फोन करते. अशी निदान पंधरा नावं त्याने फोडून दिली. वहीत त्यांच्यापुढे कानाचं चित्र काढलंय.

जेलीबेबीत पोचल्यावर नवीन पंचाईत. पैसा वेगळा, आपला तिथे चालत नाही, बदलून घ्यावा लागतो. आणि भाषा वेगळी. या खेळात भाषा खोटी-खोटी वेगळी नाही. तुम्हाला ती येत नसेल तर शेजारी उभा असलेला माणूस जे बोलतो त्याचा पडद्यावर चक्क काला होऊन येतो. बाजारात दोन खेळाडू तावातावाने काहीतरी बोलत होते आणि मला एक शब्द कळत नव्हता. मी ते दोघं निघून जाईपर्यंत उभी राहिले. त्यातल्या तीन ओळी तशाच्या तशा वहीत उतरवल्या. अर्थ नाही, नुसती अक्षरं. २४ नोव्हेंबर.

भाषा शिकायला गुण खर्च करावे लागतात आणि ती शिकवणारं कुणीतरी लागतं. गुण माझ्याकडे कमीच, कारण शिकार नाही. म्हणून डिसेंबरभर कोडी. एक कोडं, मग थोडी भाषा, पुन्हा कोडं. ज्या खेळाडूने शिकवलं ती तिकडे रात्रपाळीला काम करते एवढंच मला माहीत आहे, तिची सुटीची वेळ माझ्या पहाटेशी जुळायची. तिला शिकवण्याचे पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. त्याऐवजी माझी आंख-मॉरपॉर्कची टिपणं मागितली. मी चाळीसेक पानं इंग्रजीत टाइप करून पाठवली. ख्रिसमसच्या आठवड्यात तिचं उत्तर आलं. त्यात तिने माझ्या सहा टायपो काढल्या होत्या. सहाही बरोबर.

भाषा आधी तुकड्यातुकड्यांनी कळायला लागते. काल्यात मधेच एक शब्द शाबूत: पाणी. पुढच्या आठवड्यात दोन. मग ओळीतली फक्त क्रियापदं. मी बाजारात रोज पहाटे अर्धा तास नुसती उभी राहायचे.

१४ जानेवारी २०२५ला संक्रांत होती, मंगळवार. माझ्या नियमाचा शेवटचा दिवस. दोनशे पानांची पहिली वही भरून दुसरीतली साठ पानं झाली होती. तीन जीव गेले होते, तिसरा जेलीबेबीच्या वाटेवर. लेव्हल सांगितली तर भाचा अजून हसतो, म्हणून सांगत नाही. पहाटे सव्वापाचला बाजारात गेले. दोन जण आले, बोलायला लागले, आणि पहिल्यांदाच पूर्ण वाक्य जसंच्या तसं उमटलं. मग दुसरं. मी श्वास रोखून वाचत होते.

एक जण दुसऱ्याला विचारत होता, इथे लेव्हल पटकन वाढवायला सगळ्यात चांगली जागा कुठली?

दुसऱ्याने सांगितली. मी ती वहीत लिहून घेतली, आणि तिकडे जायच्या वाटेवर कुठल्या पाट्या आहेत ते बघायला निघाले.